सँ बेर्त्राँ द कोमँज: वर गाव, खाली शहर

खूप दिवसांपासून या गावाबद्दल लिहायचं होतं पण दरवेळी सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं, कारण गाव एवढुसं आहे, जेमतेम अडीचशेच्या आसपास लोकवस्ती, आणि गोष्ट मात्र दोन हजार वर्षांची. त्यातही मधली पाच शतकं जवळपास गायब. तर आज जसं आठवेल तसं लिहितोय, क्रम थोडा मागेपुढे झाला तर सांभाळून घ्या.

गावाचं नाव सँ बेर्त्राँ द कोमँज. फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या अगदी पायथ्याशी, ओत-गारोन नावाच्या जिल्ह्यात. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण तुलूझ, तिथून गाव साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटरवर. फ्रान्समध्ये सगळ्यात छोटा प्रशासकीय घटक म्हणजे कम्यून, राज्यक्रांतीनंतर डिसेंबर १७८९ च्या कायद्याने हे कम्यून तयार झाले आणि आजही देशात जवळपास पस्तीस हजार कम्यून आहेत, मोठं शहर असो नाहीतर पन्नास माणसांची वाडी असो, प्रत्येकाला आपला महापौर आणि आपली नगरसभा. सँ बेर्त्राँ त्यातलंच एक. कागदावर एकदम किरकोळ. पण या किरकोळ गावात एक अख्खं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, आहे, तेही असं की मैदानातून येताना आधी फक्त तेच दिसतं आणि गाव त्याच्या पायाशी नंतर दिसतं, आणि टेकडीच्या खाली शेतात रोमन शहर पडलंय ज्यात एकेकाळी हजारोंनी माणसं राहत होती.

मी ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. मोंत्रेजोपर्यंत ट्रेन आणि पुढे चालत, कारण मला ती टेकडी हळूहळू जवळ येताना बघायची होती. तुलूझपासून इथपर्यंत एक चालण्याची वाटच आखलेली आहे, व्हिया गारोना म्हणतात तिला, गारोन नदीच्या कडेकडेने येते. मी फक्त शेवटचा तुकडा चाललो पण तेवढ्यातच जागा का निवडली असेल ते डोक्यात बसलं.

आधी भूगोल सांगतो कारण इतिहास सगळा त्यातूनच निघालाय. गारोन नदी उगम पावते स्पेनच्या हद्दीत, अरान खोऱ्यात. म्हणजे पर्वतरांगेच्या उत्तर उतारावर असूनही ते खोरं स्पेनचं आहे, नकाशावर जरा विचित्रच दिसतं. आणि तिचा एक उगम तर जास्तच विचित्र, आनेतो शिखराजवळच्या हिमनद्यांचं पाणी एका खड्ड्यात जमिनीखाली गायब होतं, तिथून डोंगराच्या पोटातून पलीकडच्या बाजूला बाहेर पडतं. हे सिद्ध केलं नोर्बेर कास्तरे या गुहा शोधणाऱ्या माणसाने १९३१ मध्ये, त्याने त्या खड्ड्यात हिरवा चमकणारा रंग टाकला आणि पलीकडे अरानमध्ये पाणी हिरवंगार होऊन वाहायला लागलं. कास्तरे याच भागातला, सँ मार्तोरी गावचा. तर अशी ही नदी अरुंद दरीतून उत्तरेला धावत येते आणि जिथे डोंगर संपून एकदम मोकळं मैदान लागतं बरोब्बर तिथेच ही टेकडी उभी आहे. हिमयुगात गारोनची हिमनदी जवळजवळ इथपर्यंत पोचायची, आजूबाजूचा सपाट तळ आणि गोट्यांचे ढीग ही तिचीच करणी, शेजारच्या बार्बाझाँचं तळंसुद्धा त्याच काळातलं.

म्हणजे बघा, मागे दरी जी थेट स्पेनकडे जाते, पुढे मैदान जे तुलूझकडे जातं, आणि मधे एकटी टेकडी, जिच्यावर उभं राहिलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो. कोणत्याही सेनापतीने दोन मिनिटं उभं राहून हीच जागा निवडली असती.

आणि निवडलीही. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ७२ मध्ये पाँपेने हे शहर वसवलं. पाँपे म्हणजे तोच जो पुढे जूलियस सीझरचा प्रतिस्पर्धी झाला. तो स्पेनमध्ये सेर्तोरियस या बंडखोर रोमन सेनापतीशी कित्येक वर्षं लढत होता, ते युद्ध संपवून रोमला विजयाची मिरवणूक काढायला परतताना त्याने पिरेनीजमधून खाली आणलेल्या लोकांना इथे एकत्र बसवलं. हे आपल्याला सांगितलंय संत जेरोमने, पण सुमारे पावणेपाचशे वर्षांनी, आणि तेही रागाच्या भरात. त्याचं एका विजिलांतियुस नावाच्या याच भागातल्या पाद्र्याशी कडाक्याचं भांडण होतं, त्याला शिव्या घालताना जेरोम म्हणतो की तू शेवटी त्याच लुटारूंच्या वंशातला, ज्यांना पाँपेने डोंगरातून खाली खेचून एका गावात जमा केलं होतं. एका शहराच्या जन्माची हकीकत आपल्यापर्यंत शिवीतून पोचली, हे मला फार अजब वाटतं. त्यामुळे लुटारू हा शब्द मी तरी जपून घेतो. खोऱ्याखोऱ्यातून विखुरलेले डोंगरी लोक, युद्धात कदाचित चुकीच्या बाजूला असलेले, त्यांना सपाटीवर आणून बसवलं की त्यांच्यावर नजर ठेवता येते, एवढंच त्यामागे असावं असं माझं मत.

या जमा केलेल्या लोकांना लॅटिनमध्ये नाव पडलं कोन्वेनाए. अर्थ सरळ आहे, एकत्र आलेले, गोळा झालेले. आणि शहराचं नाव लुग्दुनुम. दुनुम हा गॉल भाषेतला, म्हणजे जुन्या काळी आजच्या फ्रान्समध्ये राहणाऱ्या गॉल लोकांच्या भाषेतला शब्द, गड किंवा किल्ला, आणि लुग हा त्यांचा देव, म्हणजे लुगचा गड. हेच नाव आज ज्याला आपण लियाँ म्हणतो त्या मोठ्या शहराचंही होतं, म्हणून गोंधळ नको म्हणून याला लुग्दुनुम कोन्वेनारुम म्हणायचे, कोन्वेनाए लोकांचं लुग्दुनुम. आता गंमत अशी की शहर मेलं, लुग्दुनुम हे नाव इथे पुसलं गेलं, पण त्या गोळा केलेल्या लोकांचं नाव टिकलं. कोन्वेनाए हळूहळू घासत घासत कोमँज झालं. आजही अख्ख्या प्रदेशाला कोमँज म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी यांना तुच्छतेने गोळा झालेले म्हटलं असेल, आणि आज तिथली माणसं तेच नाव अभिमानाने सांगतात.

नावांवरून आठवलं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण माझ्यासाठी या जागेचं खरं सोनं हेच आहे. कोन्वेनाए लोक कोण होते? गॉल? पूर्णपणे नाही. या खोऱ्यांमध्ये रोमन काळातल्या छोट्या छोट्या संगमरवरी वेद्या आणि थडग्यांचे दगड भरपूर सापडलेत, त्यावर मजकूर लॅटिनमध्ये पण माणसांची नावं मात्र लॅटिनही नाहीत आणि गॉलही नाहीत. नेस्कातो. किसोन. आंदेरे. सेंबे. आता बास्क भाषेत मुलगी म्हणजे नेस्का, पुरुष म्हणजे गिझोन, बाई म्हणजे आंद्रे, मुलगा म्हणजे सेमे. हे एकोणिसाव्या शतकात आशील ल्युशेर या फ्रेंच अभ्यासकाने दाखवून दिलं, आणि विसाव्या शतकात कोल्दो मिचेलेना या बास्क भाषाशास्त्रज्ञाने ते पक्कं केलं. म्हणजे आज जी भाषा इथून बरीच पश्चिमेला अटलांटिकच्या कडेला आणि स्पेनच्या उत्तरेला बोलली जाते तिची जवळची नातेवाईक भाषा, किंवा तिचंच जुनं रूप, या दऱ्यांमध्ये बोललं जात होतं, आणि आपल्याला ते कळतं फक्त थडग्यांवर आणि वेद्यांवर कोरलेल्या नावांमुळे. एकही पूर्ण वाक्य नाही. फक्त नावं. कुणीतरी आपल्या मुलीचं नाव साधं मुलगी असंच ठेवलं होतं, नेस्कातो, आपल्याकडे घरात धाकटीला छकुली म्हणतात ना तसंच काहीतरी, आणि दगड कोरणाऱ्याने ते लॅटिन अक्षरांत जसं ऐकलं तसं कोरलं.

देवांची नावंही तशीच. युद्धाचा रोमन देव मार्स आहेच पण त्याला इथला लेहेरेन्नुस चिकटवलेला. आहेर्बेल्स्ते नावाचा देव आहे. आणि मला सगळ्यात आवडलेले दोन म्हणजे फागुस, म्हणजे चक्क बीच नावाचं झाड, त्या झाडालाच देव म्हणून नवस फेडलाय, आणि दुसरा म्हणजे सहा झाडं. हो, देवाचं नावच सहा झाडं. कुठल्यातरी खोऱ्यात सहा झाडांचा एक पुंजका असेल, लोक तिथे हात जोडत असतील, आणि रोमन राज्य आल्यावर त्यांनी त्या झाडांसाठी व्यवस्थित संगमरवराची वेदी करून घेतली आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहून घेतलं. धर्म बदलला नाही, फक्त लिहायला शिकले. ते शिलालेख बघताना मी काचेसमोरून हलतच नव्हतो.

संगमरवर सँ बेआत गावचा, गारोनच्या वरच्या अंगाला साधारण वीस किलोमीटरवर. तिथल्या खाणी रोमन लोकांनी जोरात चालवल्या, आणि माल न्यायला नदी होतीच. शहराला पैसा मिळाला त्यात या दगडाचा आणि रस्त्यांचा मोठा हात. दाक्सहून तुलूझला जाणारा रोमन रस्ता इथूनच जायचा.

तर खालचं शहर. पहिल्या शतकात ते ऐन भरात होतं. फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक, त्याच्या एका टोकाला देऊळ, समोर बाजाराची इमारत, दोन मोठी स्नानगृहं, टेकडीच्या उताराला टेकवून बांधलेलं थिएटर. आज त्यातल्या बहुतेक इमारतींचे पाय तेवढे दिसतात, गुडघाभर भिंती, मधे गवत. मी गेलो तेव्हा सकाळी धुकं होतं आणि ओल्या गवतातून त्या भिंतींच्या कडेने चालताना हे स्नानगृह, हा गरम पाण्याचा भाग, हा थंड, असं फलकांवरून लावत बसलो होतो. खरं सांगायचं तर भिंतींनी मी फार भारावलो नाही, असे पाये दक्षिण फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतात. पण सम्राट ऑगस्टसच्या विजयाचं जे स्मारक इथे होतं त्याचे तुकडे वर संग्रहालयात ठेवलेत, ते बघाच. पांढऱ्या संगमरवरात बंदिवान माणसं, त्यात गॉल आणि हिस्पानिया या दोन प्रांतांना बायकांच्या रूपात दाखवलंय. म्हणजे ज्यांना जिंकलं त्यांच्याच गावात, त्यांच्याच डोंगराच्या दगडात, त्यांच्या पराभवाचा पुतळा. रोज बाजाराला येताना लोकांना ते दिसत असणार.

हे तुकडे १९२६ मध्ये सापडले आणि ते शोधणारा माणूस होता बेर्त्राँ सापेन, पेशाने शाळामास्तर. इथे १९२० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं त्याने खोदकाम चालवलं. देऊळ, फोरमची स्नानगृहं, बाजार, ख्रिस्ती बासिलिका म्हणजे जुन्या पद्धतीचं चर्च, आज खाली आपण जे काही बघतो त्यातलं खूपसं त्याच्यामुळे उजेडात आलं. मोठ्या विद्यापीठाचा प्रोफेसर नाही, मास्तर. शाळा सांभाळून शेतातलं शहर वर काढणारा माणूस, मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो आणि त्याच्यावर कुणीतरी नीट सविस्तर लिहायला हवं.

एक छोटी गोष्ट मधेच. बायबलमधला हेरोद अंतिपास, ज्याने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं डोकं उडवलं, त्याला इ.स. ३९ मध्ये सम्राट कालिगुलाने हद्दपार केलं. इतिहासकार जोसेफस एका ग्रंथात म्हणतो गॉलमधल्या लुग्दुनुमला पाठवलं आणि दुसऱ्यात म्हणतो स्पेनला. आता गॉलमध्ये असूनही स्पेनच्या दाराशी असलेलं लुग्दुनुम कुठलं, तर हेच, म्हणून बऱ्याच अभ्यासकांनी या गावाकडे बोट दाखवलंय. लियाँवाले अर्थातच त्यांचा हक्क सांगतात. बायको हेरोदियासला माफी मिळत होती तरी ती स्वतःहून नवऱ्याबरोबर हद्दपारीत गेली असंही जोसेफस लिहितो. ती दोघं या खोऱ्यात म्हातारी झाली असतील असं मनात आणून बघा, गालिलीच्या उन्हातून थेट पिरेनीजच्या पावसात.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला काळ फिरला. टेकडीवर तट बांधला गेला, आणि वस्ती हळूहळू वर सरकायला लागली. मैदानातलं शहर सुखाच्या दिवसांचं असतं, वाईट दिवस आले की माणूस उंची शोधतो. याच काळात खाली ख्रिस्ती बासिलिकाही होती, आणि ५०६ मध्ये आग्द इथल्या धर्मसभेला इथला बिशप सुआविस हजर होता अशी नोंद आहे.

आणि मग ५८५. हे सगळं आपल्याला तूरचा बिशप ग्रेगरी सांगतो, जो त्याच काळात जगत होता, आणि त्याचं वर्णन इतकं बारीक आहे की वाचताना वाटतं कालच घडलंय.

गुंडोवाल्ड नावाचा एक माणूस होता, म्हणायचा मी राजा क्लोथारचा मुलगा. लहानपणी त्याची आई त्याला राजघराण्यासारखे लांब केस ठेवून वाढवत होती कारण तेव्हा गॉलवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांत लांब केस ही राजवंशाची खूण, पण क्लोथारने हा माझा मुलगा नाही म्हणून त्याचे केस कापले. बिचारा भटकत भटकत इटलीला गेला, तिथे बायको-मुलं, संसार, आणि तिथून पार कॉन्स्टँटिनोपलला. मग गॉलमधल्या काही सरदारांनी त्याला बोलावून घेतलं, चल तुला राजा करतो. ५८२ मध्ये तो मार्सेयला उतरला, ५८४ च्या डिसेंबरात ब्रीव्ह गावी त्याला ढालीवर उभं करून राजा म्हणून फिरवलं, आणि ग्रेगरी लिहितो की तिसऱ्या फेरीला तो पडला, लोकांनी हातांनी कसाबसा सावरला. राजा गुंत्राम, क्लोथारचा मान्य असलेला मुलगा, याने त्याच्यामागे मोठं सैन्य लावलं आणि गुंडोवाल्ड पळत पळत इथे आला, या टेकडीवर.

ग्रेगरीने जागेचं वर्णन दिलंय, एकटी टेकडी, जवळ दुसरा डोंगर नाही, पायथ्याशी मोठा झरा, झऱ्याभोवती बुरूज आणि वरून खाली लपूनछपून पाणी आणायला भुयार. तिथल्या लोकांना गुंडोवाल्डने सांगितलं की शत्रू येतोय, तुमचं धान्य-चीजवस्तू सगळं आत आणा. त्यांनी आणलं. मग म्हणाला चला बाहेर पडून लढू या, लोक बिशपसकट बाहेर पडले आणि याच्या माणसांनी आतून दरवाजे लावून घेतले. आत इतकं धान्य होतं की मर्दासारखे लढले असते तर कित्येक वर्षं पुरलं असतं, असं ग्रेगरी स्वच्छ लिहितो. मला या सगळ्या कथेत राजा-सरदारांपेक्षा ते दाराबाहेर राहिलेले लोक दिसतात, ज्यांचं स्वतःचं गाव, स्वतःचं धान्य, आणि आता दोन्ही सैन्यांच्या मधे उभे.

गुंत्रामचं सैन्य आलं. खालून शिव्याशाप सुरू, तू तोच ना जो पूर्वी प्रार्थनाघरांच्या भिंती रंगवायचास, तुझे केस किती वेळा कापले रे. तट फोडायचे ओंडके गाड्यांवर चढवून त्यावर विणलेल्या तट्ट्या, जुनी खोगिरं, फळ्या टाकून झाकून पुढे ढकलत आणले. वरून दगड पडले, पेटती राळ आणि चरबी भरलेली पिंपं पडली. आतला एक बिशप, साजित्तारियुस, चिलखत घालून तटावरून स्वतः दगड टाकत होता. पंधरा दिवस असेच गेले, तट काही पडेना.

मग जे ताकदीने झालं नाही ते फितुरीने झालं. गुंडोवाल्डचा मुख्य सेनापती मुम्मोलुस आणि तो बिशप, यांनी आतून बोलणी केली, जीव वाचवायचं वचन घेतलं आणि गुंडोवाल्डला म्हणाले जा, भावाकडे जा, तो तुला काही करणार नाही. त्याला कळलं होतं. तो रडला, म्हणाला तुमच्याच बोलावण्यावरून मी आलो. जाताना मुम्मोलुसने आपला सोन्याचा कमरपट्टा परत मागितला, तेवढ्यातही त्याला पट्टा आठवला. दरवाजाबाहेर त्याला शत्रूच्या ताब्यात दिलं, दरवाजा बंद झाला, आणि डोंगराच्या कडेवरून एकाने त्याला ढकललं, वरून भाला मारला, तो चिलखताच्या कड्यांनी अडवला, हा उठून परत वर चढायला लागला तेव्हा बोसो नावाच्या सरदाराने डोक्यात दगड घातला.

दुसऱ्या दिवशी दरवाजे उघडले. आत जे होते ते सगळे मारले गेले, चर्चमध्ये वेदीपाशी उभे असलेले पाद्रीसुद्धा. मग आग लावली, आणि ग्रेगरीच्या शब्दांत, मागे रिकाम्या जमिनीशिवाय काही उरलं नाही. फितूर मुम्मोलुस आणि साजित्तारियुसलाही गुंत्रामने पुढे मारूनच टाकलं.

त्यानंतर शांतता. जवळजवळ पाचशे वर्षं या जागेबद्दल फारसं काही ऐकू येत नाही. मी त्या तटाच्या कडेला बराच वेळ बसलो होतो, खाली शेतं, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, आणि समोर डोंगरावर नुकताच पडलेला बर्फ. पाचशे वर्षं हे असंच असणार, फक्त वर पडक्या भिंती आणि त्यात झुडपं.

१०८३ च्या सुमारास बेर्त्राँ द लिल नावाचा बिशप आला, तुलूझच्या काउंटच्या घराण्याशी आईकडून नातं असलेला माणूस, आणि त्याने ठरवलं की टेकडीवर परत कॅथेड्रल उभं करायचं. ११२३ पर्यंत तो बिशप होता. लोकांनी त्याला संत मानलं आणि गावाने शेवटी त्याचंच नाव घेतलं. मग आणखी एक बेर्त्राँ, बेर्त्राँ द गो, १२९५ ते १२९९ इथला बिशप, जो १३०५ मध्ये पाचवा क्लेमेंट म्हणून पोप झाला, तोच ज्याच्या काळात पोपचं ठाणं आविन्योंला गेलं. पोप झाल्यावरही तो या टेकडीला विसरला नाही, जुनं चर्च वाढवून गॉथिक पद्धतीचं मोठं करायला त्याचाच आधार होता आणि १३०९ मध्ये संताचे अवशेष समारंभाने हलवायला तो स्वतः इथे आला होता. म्हणून एवढ्या छोट्या गावाला एवढं मोठं कॅथेड्रल.

आत शिरलात की आधी एक गोष्ट दिसेल जी अपेक्षित नसते, भिंतीवर टांगलेली सुकवलेली मगर. लोककथा सांगते संत बेर्त्राँने खोऱ्यातल्या या राक्षसाला आपल्या काठीने वश केलं. बहुधा पूर्वेकडून कुणीतरी यात्रेकरू किंवा धर्मयोद्ध्याने नवस म्हणून आणलेली असावी. मला वाटलं होतं मुलांना दाखवायची चीज असेल पण समोर उभं राहिल्यावर तसं काही वाटलं नाही, कुणाच्या तरी नवसाची वस्तू आहे ती, शेकडो वर्षं लोकांनी मान वर करून बघितलेली. मग कॅथेड्रलच्या मधोमध लाकडाचं जणू दुसरं चर्च, बिशप ज्याँ द मोलेयोँच्या काळात केलेली सहासष्ट कोरीव आसनं, १५३५ मध्ये पूर्ण झालेली. प्रत्येकावर वेगळं कोरीव काम, संत, भविष्य सांगणाऱ्या सिबिला, भांडणारे साधू, तोंडं वेंगाडणारी माणसं. आणि कोपऱ्यात खांबांवर उभा केलेला ऑर्गन, त्याच्या लाकडावर हर्क्युलिसचे पराक्रम. चर्चमध्ये हर्क्युलिस! उन्हाळ्यात इथे संगीत महोत्सव होतो आणि तो ऑर्गन वाजतो, मी ऑक्टोबरमध्ये गेल्याने ते हुकलं.

पण माझा जीव अडकला तो बाहेरच्या क्लॉइस्टरमध्ये. क्लॉइस्टर म्हणजे चर्चला लागून चौकोनी अंगण आणि भोवती खांबांची ओसरी, साधूंना फिरायला, मनन करायला. एरवी हे चारी बाजूंनी बंद असतं, जगाकडे पाठ. इथे मात्र दक्षिणेकडच्या ओसरीतून सरळ दरी आणि जंगल दिसतं. एक खांब तर चार शुभवर्तमानकारांच्या, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांच्या, आकृतींचाच आहे. मी तिथे दोन्ही दिवस गेलो, तिकीट परत काढून.

दगड कुठे गेले हा प्रश्न मला खाली फिरताना सतत पडत होता, एवढं शहर आणि गुडघाभर भिंती? याचं उत्तर अर्ध्या तासावर चालत गेल्यावर मिळतं. मैदानात सरूच्या झाडांमध्ये सँ ज्युस्तची बासिलिका आहे, शेजारच्या वालकाब्रेर कम्यूनमध्ये. १२०० मध्ये तिचं पवित्रीकरण झालं. बाराव्या शतकातल्या त्या कारागिरांनी रोमन शहर खाणीसारखं वापरलं, रोमन खांब, रोमन खांबांची शिरं, रोमन दगड थेट भिंतीत. एका खांबाची उंची कमी पडली तर खाली दुसरा तुकडा लावलाय, जोड उघड दिसतो. मला हे फार आवडलं. वस्तू वाया घालवायची नाही, आहे त्यात बसवायचं, आणि त्यामुळेच तो खांब आज उभा तरी आहे, शेतात पडून राहिला असता तर चुना करायला भट्टीत गेला असता, जसे बाकीचे हजारो संगमरवरी तुकडे गेले असणार.

पुढचं भराभर सांगतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी धर्मयुद्धांत गाव लुटलं गेलं. राज्यक्रांतीत बिशपचं पीठच रद्द झालं आणि एका फटक्यात गावाचं महत्त्व गेलं, कारण इथलं सगळं बिशपभोवती फिरत होतं. पण त्यामुळेच नवीन बांधकाम झालं नाही आणि जुनी लाकडी चौकटीची घरं, दरवाजे, गल्ल्या टिकल्या. १९९८ मध्ये स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या यात्रामार्गांचा भाग म्हणून कॅथेड्रल आणि सँ ज्युस्त दोन्ही युनेस्कोच्या यादीत आले.

जाणार असाल तर एक दिवस जास्तीचा ठेवा आणि काही किलोमीटरवरच्या गार्गासच्या गुहा बघा. तिथे भिंतीवर हातांचे ठसे आहेत, हात ठेवून भोवती लाल-काळा रंग फुंकलेला, दोनशेहून जास्त, साधारण सत्तावीस हजार वर्षांपूर्वीचे. बऱ्याच हातांची बोटं अर्धी दिसतात, कापलेली की मुद्दाम दुमडलेली यावर अजून वाद चालू आहे. त्यातला एक ठसा तान्ह्या बाळाचा आहे आणि ते बाळ कुणीतरी मोठ्या माणसाने धरलंय. म्हणजे पाँपेने माणसं गोळा करायच्या पंचवीस हजार वर्षं आधी याच खोऱ्यात कुणीतरी बाळाचा हात भिंतीवर टेकवून धरला होता.

आणि तारीख निवडता येत असेल तर हे लक्षात ठेवा, पाचव्या क्लेमेंटने या चर्चला एक खास जुबिली, म्हणजे पापक्षमेचा उत्सव, दिली होती, ३ मेला शुक्रवार आला की त्या वर्षी ती साजरी होते, सातशे वर्षं झाली. मागची २०२४ मध्ये झाली. पुढचा असा शुक्रवार २०३० मध्ये येतोय, मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीये. या वेळी सँ बेआतपासून नदीच्या कडेने खाली चालत यायचं आहे, ज्या वाटेने तो दगड यायचा.